ओलिवेर हालाशी

ओलिवेर हालाशी (जन्म : ३१ जुलै १९०९, उयपेश्त, मृत्यू : १० सप्टेंबर १९४६, बुडापेस्ट) हे हंगेरीचे विख्यात जलतरणपटू व वॉटर पोलो खेळाडू होते. बालपणी झालेल्या अपघातात त्यांनी डाव्या पायाचा गुडघ्याखालील भाग गमावला होता. तरीही त्यांनी ऑलिंपिक स्पर्धांत दोन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळवले आणि जलतरणात युरोपचे विजेतेपद पटकावले. ही सर्व पदके त्यांनी धडधाकट खेळाडूंबरोबर, कोणतीही सवलत न घेता मिळवली.

पूर्वायुष्य

हालाशी यांचा जन्म उयपेश्त येथे झाला. आज बुडापेस्टचा भाग असलेले हे गाव त्या काळी स्वतंत्र नगर होते. त्यांचे मूळ कुलनाम हाल्टमायर. लहान वयात ट्रामच्या अपघातात सापडल्याने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि उयपेश्तच्याच क्रीडासंघाकडून स्पर्धांत उतरू लागले.

जलतरण

हालाशी यांनी हंगेरीची राष्ट्रीय जलतरण विजेतेपदे सुमारे २५ वेळा मिळवली. वैयक्तिक कारकिर्दीतील त्यांचे सर्वोच्च यश म्हणजे १९३१ साली पॅरिस येथील युरोपीय स्पर्धेत १५०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत मिळवलेले सुवर्णपदक. ही शर्यत त्यांनी २० मिनिटे ४९ सेकंदांत जिंकली. त्याच स्पर्धेत वॉटर पोलोचे विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

या यशाचे मोल शर्यतीच्या स्वरूपावरून ध्यानात येते. ५० मीटर लांबीच्या तलावात १५०० मीटर पोहायचे तर ३० फेऱ्या होतात आणि जलतरणपटूला २९ वेळा भिंतीपाशी वळावे लागते. प्रत्येक वळणावर दोन्ही पायांनी भिंतीला रेटा देऊन इतर स्पर्धक वेग घेतात. हालाशी यांना हा रेटा एकाच तळपायाने द्यावा लागे. पाण्यावर मारण्यासाठीही त्यांच्याकडे एकच पूर्ण पाय होता.

वॉटर पोलो

वॉटर पोलोमध्ये तळाला पाय टेकवून खेळण्यास मनाई असते. चेंडू झेलताना, फेकताना आणि प्रतिस्पर्ध्याला अडवताना खेळाडूला पाय सतत हलवत शरीर पाण्यावर उचलून धरावे लागते. या खेळात हालाशी मधल्या फळीत खेळत. या फळीतील खेळाडूला बचाव आणि चढाई या दोहोंसाठी तलावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत पोहावे लागते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या शर्यतींतून आलेला दमसास त्यांना येथे उपयोगी पडला. राष्ट्रीय संघाकडून ते नव्वदहून अधिक सामने खेळले.

१९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीने वाढीव वेळेत हंगेरीचा ५–२ असा पराभव केला आणि हालाशी यांच्या संघाला रौप्यपदक मिळाले. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे हंगेरीने जर्मनीला ६–२ असे हरवून त्या पराभवाची भरपाई केली. वॉटर पोलोतील हंगेरीचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. हा संघ घडवणारे प्रशिक्षक बेला कोम्यादी यांचे १९३३ साली निधन झाले. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हंगेरी व जर्मनी यांचा सामना २–२ असा बरोबरीत सुटला; मात्र गोलसरासरीच्या आधारे सुवर्णपदक पुन्हा हंगेरीला मिळाले. मार्तोन होमोनाय, ग्यॉर्ग्य ब्रोदी, यानोश नेमेत आणि मिक्लोश शारकान्य हे हालाशी यांचे सहकारी या दोन्ही सुवर्णविजेत्या संघांत होते.

पॅरिसनंतर १९३४ साली माग्देबुर्ग आणि १९३८ साली लंडन येथे युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघांतही हालाशी यांचा समावेश होता.

मृत्यू

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हंगेरी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. युद्ध संपल्यानंतरही बुडापेस्टमध्ये लूटमारीचे प्रकार घडत होते. १० सप्टेंबर १९४६ रोजी अशाच एका प्रसंगी सोव्हिएत सैनिकाच्या हातून हालाशी यांची हत्या झाली. त्या वेळी ते ३७ वर्षांचे होते.

महत्त्व

ऑलिंपिक पदक मिळवणारे हालाशी हे पहिले अपंग खेळाडू नव्हेत. लाकडी पाय वापरणारे अमेरिकेचे जिम्नॅस्ट जॉर्ज आयसर यांनी १९०४ सालीच सुवर्णपदके मिळवली होती. मात्र हालाशी यांनी सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांत पदके मिळवली. त्यांच्या काळात अपंग खेळाडूंसाठी आंतरराष्ट्रीय व्यासपीठ जवळजवळ नव्हते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील स्पर्धांना १९४८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रारंभ झाला. पहिली पॅरालिंपिक स्पर्धा १९६० साली रोम येथे भरली आणि अवयव गमावलेल्या खेळाडूंना तिच्यात १९७६ साली प्रवेश मिळाला. त्यामुळे हालाशी यांच्यासमोर सर्वांसाठी असलेल्या स्पर्धेत उतरणे किंवा स्पर्धेपासून दूर राहणे एवढेच पर्याय होते. युरोपीय विजेत्यांच्या यादीत त्यांचे नाव इतर विजेत्यांप्रमाणेच, कोणत्याही वेगळ्या खुणेशिवाय नोंदलेले आहे.

१९७८ साली आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.