कर्नल विल्यम लॅम्ब्टन

जगांतील सर्वांत उंच शिखर कोणतें असें विचारिलें असतां आमचे विद्यार्थी तत्काळ एव्हरेस्ट म्हणून सांगतात. परंतु ज्या मोजणीमुळें त्याची उंची कळली, तिचा पाया घालणारा पुरुष आपल्याच महाराष्ट्रांत, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें चिरनिद्रा घेत आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

विल्यम लॅम्ब्टन हे इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत गरीब घरीं जन्मले व सैन्यांत शिरले. गणिताची त्यांस विलक्षण आवड होती. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास त्यांनीं आरंभ केला.

या रीतीचें मर्म सोपें आहे. मलकापुराच्या सपाटीवर एक रेषा काटेकोर मोजावी व तिच्या दोन्ही टोकांवरून आगाशिवाच्या माथ्याकडे पाहून कोन घ्यावे. म्हणजे डोंगर न चढतां त्याचें अंतर निघतें. चढता कोनही घेतला कीं उंची कळते.

कोन मोजण्याचें त्यांचें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना तें आपटून वाकलें. लॅम्ब्टन सहा आठवडे खपले आणि त्यांनीं तें स्वहस्तें दुरुस्त केलें. पुढें हैदराबादेहून नागपुरास जातांना, २० जानेवारी १८२३ रोजीं, सत्तरीच्या सुमारास हिंगणघाटास त्यांचा अंत झाला.

त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं तें काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें. नंतर राधानाथ सिकदर आदि गणकांच्या हिशेबांवरून एका शिखराची उंची २९,००२ फूट ठरली व ती १८५६ सालीं जाहीर झाली. तेव्हांचे अधिकारी अँड्र्यू वॉ यांनीं त्यास एव्हरेस्ट यांचें नांव सुचविलें. येथील लोकांस तें उच्चारतां येणार नाहीं, अशी हरकत खुद्द एव्हरेस्ट यांनींच घेतली. तरी १८६५ सालीं तेंच मान्य झालें. तिबेटी लोकांचें चोमोलुंग्मा हें नांव मागें पडलें. नेपाळांत त्यास सगरमाथा म्हणतात. २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनीं प्रथम त्याचा माथा गाठला.

लॅम्ब्टन यांस तें शिखर दिसलेंही नाहीं. यंत्रें खांद्यावरून वाहणाऱ्या खलाशांचीं नांवें तर कोण घेतो? शिखरास नांव एकाचेंच मिळतें, श्रम मात्र अनेकांचे असतात. नागपूरकडे जाणें झाल्यास पालकांनीं मुलांस हिंगणघाटची ती कबर अवश्य दाखवावी, अशी आमची विनंती आहे.