जोतीराव फुले आणि दारूचे गुत्ते

इ. स. १८७६ मध्ये जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. ही नेमणूक सरकारने केलेली होती. इ. स. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या, पुढे आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या जोतीरावांना लोकांचा रोष नवा नव्हता. आता गाठ होती ती सरकारशीच.

त्या काळी दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क सरकार मक्त्याने देत असे. इ. स. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात हा बंदोबस्त अधिकच कडक झाला. परवान्यावाचून दारू विकणे हा गुन्हा. परवाना हाती असला, की तेच दुकान राजरोस! मक्त्याचा पैसा सरकारी खजिन्यात जाई. मजुराच्या घरची चूल मात्र थंड पडे.

पुण्यातील वाढते गुत्ते पाहून जोतीराव अस्वस्थ झाले. इ. स. १८८० च्या जुलै महिन्यात त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. नगराच्या आरोग्याकरिता नगरपालिका खर्च करते आणि त्याच नगरात गुत्ते लोकांचे आरोग्य व नीती यांचा नाश करतात, ही विसंगती त्यांनी स्पष्टपणे मांडली. व्यसनापायी कित्येक कुटुंबे धुळीस मिळाली होती. या दुकानांवर नगरपालिकेने काही कर बसविला आहे काय, असेही त्यांनी विचारले. करामुळे व्यसनाचा प्रसार थोडा तरी आटोक्यात येईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

सरकारने दिलेल्या जागेवर बसून सरकारच्याच उत्पन्नावर बोट ठेवणे सोयीचे नव्हते. जोतीराव इ. स. १८८२ पर्यंत सभासद होते.