हर्ट्झची ठिणगी

हर्ट्झ म्हटलं की आपल्याला आठवतो तो ५० हा आकडा, मेन्स सप्लायचा. पण हर्ट्झ हा एक हाडामासाचा माणूस होता आणि अवघ्या ३६ व्या वर्षी गेला, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

हाइनरिश हर्ट्झचा जन्म १८५७ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. गंमत म्हणजे आधी तोही इंजिनिअरिंगलाच गेला होता! पण १८७७ मध्ये म्युनिकला असताना फिजिक्सकडे वळला, आणि १८८० मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली डॉक्टर झाला. १८८५ मध्ये कार्ल्सरुहच्या टेक्निकल कॉलेजात प्रोफेसर. तिथल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथशी, पुढच्या वर्षी लग्न.

विजेच्या लाटा प्रकाशाच्या वेगाने पळतात असं मॅक्सवेलचं गणित सांगत होतं, पण त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. आणि मोजायच्या कशा? सेकंदाला काही कोटी आंदोलनं, ती मोजायला ना मीटर ना सी.आर.ओ. हर्ट्झकडे होतं तारेचं एक कडं, त्यात बारीकशी फट. लाट आली की फटीत ठिणगी पडायची. लाट जोरदार तर ठिणगी लांब, अशक्त तर छोटी. म्हणजे त्याला दिसत होता फक्त अ‍ॅम्प्लिट्यूड! (मी कॉन्व्हेंटवाली, 'आयाम' हा शब्द डिक्शनरीत शोधावा लागला.)

आता अ‍ॅम्प्लिट्यूडवरून बाकीचं काहीच कळत नाही, हे आपल्याला ओरलला विचारतातच. दोरी जोरात हलवली की लाट उंच होते, एनर्जी अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण तरंगलांबी तीच राहते. ती ठरते फ्रिक्वेन्सी आणि वेगावर. मग १८८८ मध्ये हर्ट्झने काय केलं? लेक्चर हॉलच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार झाला. मग अंधारात कडं घेऊन गडी हॉलभर फिरला. कुठे ठिणगी मोठी, कुठे नाहीशी. ठिणगी मरते अशा लागोपाठच्या दोन जागांतलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. फ्रिक्वेन्सी त्याने यंत्राच्या मापांवरून गणिताने काढली होती. दोन्हींचा गुणाकार केला, आणि वेग आला प्रकाशाच्या आसपास! त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या हिशोबात चूक होती, ती पुढे प्वाँकारेने दाखवली. पण लाटा खऱ्या आहेत यात शंका उरली नाही.

त्याआधी १८८७ मध्ये ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने कडं अंधाऱ्या पेटीत ठेवलं, तर ती लहानच झाली. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश अडला होता! फोटोइलेक्ट्रिक इफेक्टची ही पहिली नोंद.

१८८९ मध्ये ह्यूबर नावाच्या इंजिनिअरने पत्राने विचारलं, या लाटांवरून टेलिफोन चालेल का? हर्ट्झने नाही म्हणून कळवलं. टेलिफोनची आंदोलनं इतकी संथ, की तरंगलांबी ३०० किलोमीटर होईल आणि आरसे खंडाएवढे लागतील. गणित बरोबर होतं. पण वेगवान लाटेच्या अ‍ॅम्प्लिट्यूडवर आवाज चढवता येतो (आपलं ए.एम. हो!), ही युक्ती पुढच्या शतकात आली.

ती ऐकायला तो नव्हता. १८८९ मध्ये तो बॉनला गेला, १८९२ पासून आजारपण सुरू झालं, ऑपरेशनं झाली. १ जानेवारी १८९४ ला तो वारला. मागे एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. घराण्याचं मूळ ज्यू, म्हणून हिटलरच्या काळात त्या तिघींना जर्मनी सोडून इंग्लंडला जावं लागलं.