कामाला माणसाजोगे करणारे बाबा

बोटे झडलेल्या माणसाला कोणते काम देता येईल, हा प्रश्न एके काळी कुणाला पडतच नसे. भिक्षेखेरीज त्याला गती नाही, असे समाजाने ठरवूनच टाकले होते. बाबा आमटे यांनी हा निकाल अमान्य केला.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे सधन जमीनदार घराण्यात झाला. वरोऱ्यास वकिली करीत असताना ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर वाहिली. मात्र भर पावसात रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी पाहून हा धाडसी माणूस भयाने दूर पळाला. त्या भयाची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली व कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. १९५१ मध्ये पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले.

कुष्ठरोग बरा झाला तरी गेलेली बोटे परत येत नाहीत. बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही, अवजाराची मूठ धरवत नाही. म्हणून बाबांनी प्रत्येकात काय उरले आहे ते पाहून काम वाटले. विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, हातमाग व सुतारकाम सुरू झाले. प्रारंभी या हातांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. पुढे तीच विकली जाऊ लागली. अंध, मूकबधिर व अपंगांसाठीही तेथे शिक्षण आणि उद्योग आले. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ व १९७३ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे हे काम विस्तारले.

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना स्वतःलाही कित्येक वर्षे बसता येत नसे. उभे राहून वा पडून राहूनच ते काम करीत. १९८५ ची कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्राही त्यांनी अशाच अवस्थेत पार पाडली. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. आनंदवनाच्याच मातीत त्यांचे दफन करण्यात आले.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा कुष्ठमुक्तांना आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असणाऱ्यांना एकाच छत्राखाली आणतो. शासकीय नोकऱ्यांत तो दोहोंनाही आरक्षण देतो आणि गरजेप्रमाणे कामाच्या ठिकाणी सोयी करणे बंधनकारक ठरवतो. झडलेली बोटे निदान दिसतात. वाचताना अडखळणाऱ्या कर्मचाऱ्याची अडचण दिसत नाही, त्यामुळे तो आळशी वा मंद ठरतो. त्याला तोंडी सूचना, थोडा अधिक वेळ किंवा मजकूर वाचून दाखवणारा संगणक मिळाला, तर तोही नेटाने काम करू शकतो. वरोऱ्याच्या माळाने ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध केली आहे. कचेऱ्यांनी ती अंगीकारणे तेवढे बाकी आहे.