न्यायमूर्ति रानडे यांचें प्रायश्चित्त

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव ऐकलें नाहीं, असा विद्यार्थी महाराष्ट्रांत विरळा. थोर न्यायाधीश, अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक, राष्ट्रसभेच्या स्थापनेस हातभार लावणारे देशभक्त, ही त्यांची ओळख क्रमिक पुस्तकांतून आपणांस होते. परंतु त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग असा आहे कीं, त्यावरून त्यांच्या हयातींत सनातन्यांनीं व सुधारकांनीं त्यांस सारखाच दोष दिला. तो प्रसंग म्हणजे १८९२ सालीं त्यांनीं घेतलेलें प्रायश्चित्त. आपलीं जिवलग माणसें एखाद्या कडक धर्मसत्तेच्या मुठींत असलीं, तर त्यांच्याशीं आपण कसें वागावें, हा बिकट प्रश्न त्या वेळीं माधवरावांपुढें उभा राहिला. हा प्रश्न अद्यापि जुना झालेला नाहीं. आणि पेण-रोह्याकडील वाचकांस तर तो मुळींच परका नाहीं.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव हे कोल्हापूर संस्थानांत नोकरीस होते. म्हणून माधवरावांचें बाळपण कोल्हापुरास गेलें. पुढें ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत आले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक होत. १८६२ सालीं ते बी. ए. झाले, १८६६ सालीं त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली, आणि १८७१ सालीं पुण्यास न्यायखात्यांत रुजू झाले.

विद्येबरोबर त्यांच्या मनांत सुधारणेचा अंकुर फुटला. ते प्रार्थनासमाजास मिळाले. विष्णुशास्त्री पंडित यांच्या विधवाविवाहाच्या चळवळींत त्यांनीं भाग घेतला. १८६९ सालीं या मंडळींनीं एक पुनर्विवाह घडवून आणला, तेव्हां शंकराचार्यांनीं त्यांच्या पुढाऱ्यांवर बहिष्कार घातला. माधवराव त्या बहिष्कृतांतलेच होते.

बहिष्कार, म्हणजे जुन्या भाषेंत ग्रामण्य, हें काय प्रकरण होतें, तें आजच्या मुलांस समजावून सांगितलें पाहिजे. त्यांत कोणी मारहाण करीत नसे, कीं कोणास तुरुंगांत टाकीत नसे. केवळ संबंध तोडले जात. उपाध्याय श्राद्धास येत नसे. मुंज व लग्न लावावयास भटजी मिळत नसे. पंक्तीस कोणी बसत नसे. आचारी काम सोडून जाई. आणि जो बहिष्कृताच्या घरीं जेवे, तोहि बहिष्कृत ठरे. यामुळें सासरीं असलेल्या लेकीस माहेरीं येण्याची चोरी होई, आणि म्हातारे आईबाप पोटच्या मुलाच्या घरीं पाणी पिण्यास भीत. एकट्या कर्त्या पुरुषास हा जाच कदाचित् सोसतां येई. परंतु त्याची खरी झळ घरांतील बायकांस, मुलांस व वृद्धांस लागे. बहिष्काराचें सारें बळ यांतच होतें. तो मनुष्याच्या मतावर घाव घालीत नसे. तो त्याच्या मायेवर घाव घाली.

माधवरावांच्या मायेची परीक्षा प्रथम घरींच झाली. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. आपण विधवेशींच विवाह करावा, असें सुधारक या नात्यानें त्यांच्यावर बंधन होतें, आणि लोकहि तीच अपेक्षा करीत होते. गोविंदरावांस हें भय होतेंच. त्यांनीं लगबगीनें एक अकरा वर्षांची मुलगी पाहिली व लग्नाचा हट्ट धरला. माधवराव एकतीस वर्षांचे होते. त्यांनीं परोपरीनें नकार दिला. परंतु वडिलांचें मन मोडण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. लग्न झालें, आणि सुधारकांत त्यांची नाचक्की झाली. ही टीका अन्यायाची होती असें म्हणतां येत नाहीं. वडिलांच्या सुखासाठीं त्यांनीं आपलें वचन सोडलें, आणि एका बालिकेच्या आयुष्याचा निर्णय तिला न विचारतां झाला.

परंतु त्यानंतर त्यांनीं जें केलें तेंहि पाहिलें पाहिजे. ती मुलगी म्हणजेच रमाबाई रानडे. लग्नानंतर लगेच माधवरावांनीं तिला स्वतः मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पुढें इंग्रजी शिकविण्याचीहि व्यवस्था केली. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या बायकांस हें मुळींच रुचलें नाहीं. त्या रमाबाईंस टोमणे मारीत. इंग्रजी धडा झाला कीं विटाळ मानून, स्नान केल्यावांचून त्यांस आंत घेत नसत. माधवरावांनीं त्या बायकांस घराबाहेर काढलें नाहीं, कीं चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला नाहीं. ज्या रूढीनें त्यांना जन्मभर कोंडून ठेविलें, तिचीच भाषा त्या बोलत आहेत, हें ते जाणून होते. मात्र रमाबाईंचा अभ्यास त्यांनीं एक दिवसहि बंद पडूं दिला नाहीं. मोठ्यांचा मान राखावयाचा, पण त्यांच्या भयास्तव लहानांचें पाऊल मागें घ्यावयाचें नाहीं, असा त्यांचा बाणा होता. याचें फळ म्हणजे १८८२ सालीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज काढला, तेव्हां रमाबाई रानडे त्या सभांस जाऊं लागल्या. घरांत पुन्हां वादळ उठलें. तेंहि दोघांनीं सोसलें.

आतां त्या प्रसिद्ध चहाकडे वळूं. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. शहरांतील चाळीसांहून अधिक प्रतिष्ठित गृहस्थ निमंत्रणावरून तेथें गेले होते. त्यांत माधवराव होते, आणि त्यांचे प्रतिपक्षी बाळ गंगाधर टिळक हेहि होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणी चहा प्याले, कोणीं पेल्यास नुसता हात लावला. यजमानांच्या मनांत पाहुणचारापलीकडे कांहीं होतें असें दिसत नाहीं. परंतु गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें पुणें-वैभव पत्रांत छापून आणविलीं, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरीं अन्नोदक घेतल्याचा बोभाटा झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांनीं चौकशीसाठीं शास्त्री पाठविले. आरोपींची जबानी झाली. आणि प्रायश्चित्तें ठरविण्यांत आलीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. तरीसुद्धां त्यांच्या घरच्या मंगलकार्यांस उपाध्याय मिळण्याची अडचण पडलीच.

माधवरावांनीं आरंभीं प्रायश्चित्त घेण्याचें नाकारलें. चहा पिण्यांत पाप आहे असें त्यांस वाटत नव्हतें, आणि जें पाप नाहीं त्याचें क्षालन कसलें? मोठा अधिकार व पुरेसा पैसा असल्यामुळें त्यांचें स्वतःचें फारसें अडत नव्हतें. परंतु त्यांच्या मागोमाग ज्या मित्रांनीं प्रायश्चित्त नाकारलें होतें, त्यांची स्थिति तशी नव्हती. वर्ष-दोन वर्षें लोटलीं. त्यांच्या घरच्या मुली माहेरास मुकल्या. वृद्ध आईबाप झुरूं लागले. लग्नकार्यें अडून राहिलीं.

१८९२ च्या उन्हाळ्यांत माधवराव लोणावळ्यास होते. तेथें एक मित्र त्यांस भेटावयास आले. घरच्या माणसांचे हाल त्यांस पाहवत नव्हते. परंतु माधवरावांस एकटें टाकून आपण प्रायश्चित्त घेणें हेंहि त्यांना विश्वासघातासारखें वाटत होतें. माधवराव घेतील तर आम्ही घेऊं, अशी त्यांची व त्यांच्यासारख्या इतरांची अडचण होती. आपला निर्धार हा आतां आपल्या एकट्याचा राहिलेला नाहीं, त्याची किंमत दुसऱ्यांचीं घरें देत आहेत, हें माधवरावांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं फार वेळ घेतला नाहीं. पुण्यास जाऊन त्यांनीं मित्रांसह प्रायश्चित्त घेतलें.

यावर चोहोंकडून भडिमार झाला. सनातनी म्हणूं लागले कीं, रानडे नमले. तरुण सुधारक म्हणूं लागले कीं, सेनापतीनेंच रण सोडलें. खुद्द रमाबाईंसहि ही गोष्ट मनापासून आवडली नव्हती. माधवरावांनीं फारसा प्रतिवाद केला नाहीं. आपल्यास दूषण लागलें तरी चालेल, पण स्नेह्यांचीं घरें पुन्हां नांदतीं झालीं पाहिजेत, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

त्यांचें वर्तन बरोबर होतें काय? याचें एकच उत्तर देतां येणार नाहीं. पुढारी वांकला म्हणजे अन्याय करणाऱ्यांचें फावतें, हें खोटें नाहीं. परंतु दुसरीहि बाजू आहे. दुसऱ्याच्या आईचे अश्रु खर्ची घालून आपलें तेज राखणें, याला धैर्य म्हणतां येईल काय? प्रायश्चित्तानंतर माधवरावांनीं प्रार्थनासमाज सोडला नाहीं, कीं १८८७ पासून चालविलेली सामाजिक परिषद बंद केली नाहीं. त्यांनीं मस्तक नमविलें, मत नमविलें नाहीं. पुढें १८९३ सालीं ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तले. ज्या रमाबाईंच्या पाटीवर त्यांनीं पहिलें अक्षर काढून दिलें, त्यांनीं पतीमागें पुण्याच्या सेवासदनाद्वारें शेंकडों स्त्रियांस, विशेषतः निराधार विधवांस, शिक्षणाचें दार उघडून दिलें. घरांत चिकाटीनें चालविलेल्या त्या अभ्यासाचें याहून मोठें फळ कोणतें?

ही हकीगत शंभराहून अधिक वर्षांपूर्वींची. तरी बहिष्काराचें शस्त्र अजून गंजलेलें नाहीं. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्कारबंदीचा कायदा केला. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्यास हरकत घेतली, आणि १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. पुढें आपल्या रायगड जिल्ह्यांतूनच, आणि त्यांतहि रोहें तालुक्यांतून, गांवकीनें वाळींत टाकल्याच्या तक्रारी पुढें आल्या. पाणवठा, दुकान, देवळांतील उत्सव, लग्न व मयत, यांतून कुटुंबें वगळण्यांत येत होतीं. अशा तक्रारींमुळें महाराष्ट्र विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलांत आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. माधवरावांच्या मित्रांस असा आधार नव्हता. आज तो आहे, आणि गरज पडेल त्यानें तो निःशंकपणें घ्यावा.

परंतु सर्वच कामें कायदा करूं शकत नाहीं. एखादी मावशी, एखादा भाऊ, एखादी मैत्रीण अशा पंथांत वा पंचायतींत गुंतलेली असते कीं, तेथें प्रश्न विचारणें हा गुन्हा, आणि बाहेरच्यांशीं बोलणें हें पाप. अशा माणसाची थट्टा केली तर तें अधिकच आंत ओढलें जातें. त्याच्याशीं बोलणें सोडलें तर बहिष्काराचें अर्धें काम आपणच केल्यासारखें होतें. त्याच्या घरीं जाणें-येणें ठेवावें. सुखदुःखांत उभें राहावें. त्याच्या भीतीस मूर्खपणा म्हणूं नये. त्याच वेळीं मुलींची शाळा, आजाऱ्याचें औषध आणि लहानांचें शिक्षण, यांच्या आड कोणाची आज्ञा येऊं देऊं नये. बाहेर पडण्याचा निर्णय त्याचा त्यानेंच घ्यावयाचा असतो. पण ज्या दिवशीं तो घेईल, त्या दिवशीं आपलें दार उघडें असलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, माधवराव सर्वच प्रसंगीं जिंकले नाहींत. परंतु ज्यांनीं त्यांना दुखविलें त्यांच्याशींहि त्यांनीं नातें तोडलें नाहीं, आणि ज्यांना रूढीनें बांधलें होतें त्यांच्या हातीं पाटी-पेन्सिल देण्याचें थांबविलें नाहीं. हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करणें अवघड आहे. तीं आपल्या हातून घडोत, एवढीच ईश्वरचरणीं प्रार्थना.