विश्लेषण : आधी पुतण्या तोतया, मग नातूही? महाराणी ताराबाईंचा ६१ वर्षांचा सत्तासंघर्ष

औरंगजेबाशी झुंजणाऱ्या रणरागिणी म्हणून महाराणी ताराबाई सर्वांना ठाऊक आहेत. त्यानंतरचे त्यांचे राजकारण मात्र फारसे सांगितले जात नाही.

सत्ता कशी मिळाली?
ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. ताराबाईंनी आपला लहानगा मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला आणि सात वर्षे मोगलांना झुंजवले.

ती गेली कशी?
१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. मराठ्यांत दुही माजावी म्हणून मोगलांनी संभाजीपुत्र शाहूंची सुटका केली. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. पण सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि खेडच्या लढाईत ताराबाईंचा पराभव झाला. त्यांनी पन्हाळा-कोल्हापूरला वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाई यांनी तीही उलथवली. मायलेक कैदेत पडले, तिथेच मुलगा वारला. पुढे ताराबाई साताऱ्यात शाहूंच्या नजरेखाली राहू लागल्या.

रामराजा प्रकरण काय?
शाहूंना मुलगा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी आपला नातू लपवून वाढवल्याचे उघड केले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि हा रामराजा छत्रपती झाला. मात्र तो पेशवे नानासाहेबांना दूर करीना. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. त्यांच्या मदतीला गुजरातहून दमाजी गायकवाड आले, पण पेशव्यांनी त्यांना पकडले. अखेर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी समेट झाला आणि रामराजा आपला नातू नसल्याची शपथ ताराबाईंनी घेतली.

फायदा कोणाचा?
पेशव्यांचा. त्यांनी रामराजाला छत्रपती म्हणून कायम ठेवले. पण ज्याला गादीवर आणणाऱ्या आजीनेच तोतया म्हटले, त्याचा शब्द कोणता सरदार मानणार? कारभार पुण्याला गेला, साताऱ्यात गादी नावापुरती उरली. पेशव्यांना रोखण्यासाठी टाकलेला डाव छत्रपतिपदावरच उलटला.

जून १७६१ मध्ये, पानिपतच्या पराभवानंतर नानासाहेब गेले. त्यांच्यामागून सहा महिन्यांनी, डिसेंबरात, वयाच्या ८६ व्या वर्षी ताराबाईंचे निधन झाले.