विश्लेषण : गुलाबी केसांचा ‘हिदे’ जपानी हेवी मेटलला अजून का विसरता येत नाही?

जपानी हेवी मेटलचा विषय निघाला की गुलाबी केसांचा एक चेहरा हमखास समोर येतो. हिदेतो मात्सुमोतो ऊर्फ हिदे. ‘एक्स जपान’ या बँडचा गिटारवादक म्हणून तो घराघरांत पोहोचला. स्वतः गायक म्हणून उभा राहिल्यावर मात्र त्याला जेमतेम पाच वर्षे मिळाली. २ मे १९९८ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी तो गेला. गिटारवादकापेक्षा गायक हिदेच आज अधिक ऐकला जातो, असे म्हणायला जागा आहे.

केशभूषाकार होता होता…

१३ डिसेंबर १९६४ रोजी योकोसुका येथे त्याचा जन्म झाला. या बंदरात अमेरिकी नौदलाचा तळ असल्याने अमेरिकी संगीत आणि पेहराव तिथल्या मुलांना परका नव्हता. लहानपणी लठ्ठ असलेल्या या मुलाला ‘किस’ बँडच्या रेकॉर्डने झपाटले आणि आजीने त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली. १९८१ मध्ये त्याने ‘सेव्हर टायगर’ हा बँड काढला. पोटापाण्यासाठी केशभूषेचे शिक्षण घेऊन परवानाही मिळवला. १९८७ मध्ये बँड मोडला, तेव्हा तो कात्री हातात घेण्याच्या बेतात होता. पण ‘एक्स’चा ड्रमवादक योशिकीने त्याला बोलावले.

‘एक्स’मध्ये वेगवान मेटल होते, पियानो होता आणि उंच उभारलेले रंगीत केसही होते. १९८९ च्या ‘ब्लू ब्लड’ अल्बमवर छापलेल्या घोषवाक्यातील ‘व्हिज्युअल’ या शब्दावरूनच पुढे ‘व्हिज्युअल केई’ हे नाव रूढ झाल्याचे मानले जाते. केशभूषेचे शिक्षण वाया गेले नाही, ते असे.

मग गायक का व्हावेसे वाटले?

‘एक्स’ हा प्रामुख्याने योशिकीचा बँड. बहुतेक गाणी त्याची, आवाज तोशीचा. हिदेच्या वाट्याला मोजकी गाणी येत. १९९३ मध्ये त्याने स्वतःच्या नावावर एकाच दिवशी दोन सिंगल्स आणली आणि माइक हाती घेतला. तोशीसारखा चढा, घुमणारा आवाज त्याच्याकडे नव्हता. त्याचा आवाज किंचित अनुनासिक, खोडकर. तोशीची नक्कल करण्याच्या फंदात तो पडला नाही, हे त्याचे शहाणपण. आवाजाला शोभेल असे संगीतच त्याने रचले. जड गिटार, पंकचा वेग, संगणकावर कापून जोडलेले ध्वनी आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल. या संगणकी कामात इना हा त्याचा कायमचा जोडीदार. १९९४ मध्ये ‘हाइड युवर फेस’ आला. १९९६ चा ‘सायन्स’ (स्पेलिंग मुद्दाम बदललेले) विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नव्या बँडना संधी देण्यासाठी त्याने ‘लेमोन्ड’ हे लेबल काढले. ब्रिटिश आणि अमेरिकी वादकांसह ‘झिल्च’ हा इंग्रजी गाण्यांचा बँडही जमवला.

१९९८ मध्ये काय घडले?

तोशी बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर १९९७ च्या टोकियो डोममधील कार्यक्रमानंतर ‘एक्स जपान’ थांबला. हिदे मात्र थांबला नाही. जानेवारीतच ‘रॉकेट डाइव्ह’ आले, पुढची दोन सिंगल्स तयार होती. त्याच वेळी, रात्रभर मद्यपान करून पहाटे घरी परतल्यावर त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्येची नोंद केली. योशिकीसह निकटवर्तीयांना ते पटले नाही. मान-खांद्याच्या दुखण्यावरील उपाय करताना, नशेत झालेला हा अपघात होता, असे त्यांचे म्हणणे. चिठ्ठी नव्हती, आणि कामे तर पुढ्यात पडलेली होती. हा वाद कधीच मिटला नाही.

तो मिटला नाही याची किंमत चाहत्यांनी मोजली. त्याच्यामागोमाग काही तरुण चाहत्यांनी जीव दिला. सहकाऱ्यांना पत्रकार परिषदेत चाहत्यांना आवरण्याचे आवाहन करावे लागले. ७ मे रोजी त्सुकिजी होंगान-जी मंदिरातील अंत्यविधीला सुमारे ५० हजार लोक लोटले. आठवडाभरातच आलेले ‘पिंक स्पायडर’ पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ही विक्री केवळ हळहळीची नव्हती. गाणे खरोखरच त्याच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे.

मृत्यूनंतरचा आवाज

अर्धवट राहिलेला ‘जा, झू’ अल्बम इना आणि साथीदारांनी पूर्ण करून नोव्हेंबर १९९८ मध्ये आणला. २००० मध्ये योकोसुकात त्याचे संग्रहालय उघडले. त्याला तिथले लोकप्रतिनिधी आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान झालेले जुनिचिरो कोइझुमी यांचे पाठबळ होते. ते २००५ मध्ये बंद झाले. २००८ मध्ये ‘एक्स जपान’ पुन्हा टोकियो डोममध्ये उतरला, तेव्हा मंचावर हिदेची प्रतिमा प्रकाशझोतांतून उभी करण्यात आली.

‘जा, झू’साठी योजलेले पण राहून गेलेले ‘को ग्याल’ हे गाणे मात्र उरले होते. त्याचा कच्चा मसुदा होता, पूर्ण गायन नव्हते. अखेर यामाहाच्या ‘व्होकलॉइड’ तंत्राने, हिदेच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून आवाजाचे तुकडे वेचून ते गाणे बांधले गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाने ध्वनी कापून जोडण्याची हौस हिदेला स्वतःलाच होती. पण आपला गळा असा जोडला जाईल, याची परवानगी त्याच्याकडून घेता येणार नव्हती.